पाच मतांचे मोल : पितामह दादाभाई नौरोजी

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे यावीत अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. यंदा मात्र ज्यांचे चरित्र या पानांवर सादर करण्याचे योजिले आहे, ते दादाभाई नौरोजी आपल्या ज्ञातीचे नव्हते. आपल्या धर्माचेही नव्हते. ज्या मतदारांनी त्यांना निवडून दिले तेही त्यांच्या ज्ञातीचे, धर्माचे किंवा देशाचे नव्हते. मताचा हक्क म्हणजे काय, तो कोणाला होता, कोणाला नव्हता आणि तो मिळविण्यासाठी किती पिढ्या खर्ची पडल्या, हे समजून घेण्यास या एका आयुष्याइतके चांगले साधन प्रस्तुत लेखकास दुसरे दिसले नाही. म्हणून ज्ञातीचे कुंपण ओलांडण्याची मुभा वाचक बंधुभगिनींनी द्यावी.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी पुरोहिताच्या कुटुंबात झाला. वडील नौरोजी पालनजी हे मुलगा अवघा चार वर्षांचा असताना निवर्तले. मागे राहिली ती माता माणेकबाई. ही माउली निरक्षर होती. पुनर्विवाहाची वाट मोकळी असताही तिने ती धरली नाही आणि एकुलत्या एका मुलाच्या शिक्षणावर आपले सर्वस्व वेचले. त्या काळच्या रीतीप्रमाणे अकराव्या वर्षीच दादाभाईंचे लग्न गुलबाईंशी झाले. मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत त्या वेळी फी पडत नसे. ती पडत असती तर या विधवेच्या मुलाचे शिक्षण तेथेच खुंटले असते, हे दादाभाई पुढे आयुष्यभर विसरले नाहीत. आपले शिक्षण गोरगरिबांनी भरलेल्या करांतून झाले, सबब आपली विद्या ही त्यांची ठेव आहे आणि ती त्यांना परत केली पाहिजे, असा निश्चय त्यांनी विद्यार्थिदशेतच केला. पुढे करांविषयी आणि कर देणाऱ्यांच्या हक्कांविषयी त्यांनी जे आयुष्यभर लिहिले व बोलले, त्याचे बीज येथे आहे.

एल्फिन्स्टन संस्थेत त्यांनी गणितात नाव काढले. सर अर्स्किन पेरी या न्यायाधीशांनी त्यांना बॅरिस्टरीसाठी विलायतेस पाठविण्याची योजना मांडली व अर्धा खर्च सोसण्याची तयारीही दर्शविली. परंतु तिकडे गेलेला मुलगा ख्रिस्ती होऊन येईल, या भीतीने ज्ञातीतील वडीलधाऱ्यांनी हात आखडता घेतला. ज्ञातीच्या भीतीपोटी हुकलेल्या अशा संधी प्रत्येक ज्ञातीच्या इतिहासात सापडतील, आपल्याही सापडतील. दादाभाईंनी मग शिक्षकाची नोकरी धरली आणि १८५५ साली ते त्याच संस्थेत गणित व पदार्थविज्ञान या विषयांचे प्राध्यापक झाले. एतद्देशीय माणसाला असे पद प्रथमच मिळाले होते.

याच वर्षांत त्यांनी व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये आरंभ केला होता. मुंबईत १८४९ मध्ये हे काम स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या सभासदांनी हाती घेतले. हे तरुण सकाळी आपल्या नोकरीची वेळ होण्यापूर्वी मुलींना विनावेतन शिकवीत. पारशी मुलींबरोबर मराठी मुलींसाठीही वर्ग निघाले आणि नाना शंकरशेट यांच्यासारख्या वजनदार गृहस्थांनी पाठबळ दिले. दादाभाई घरोघर जाऊन मुलींच्या बापांची मनधरणी करीत. कोणी जिन्यावरून ढकलून देण्याची भाषा करी, तर कोणी मुलगी शिकल्यास घर बुडेल असे म्हणे. या साऱ्या खटाटोपात निरक्षर माणेकबाईंचा मुलाला पुरता पाठिंबा होता. १८५१ मध्ये त्यांनी ‘रास्त गोफ्तार’ हे गुजराती पत्र सुरू केले आणि १८५२ मध्ये बाँबे असोसिएशनच्या स्थापनेत भाग घेतला. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते.

१८५५ मध्ये कामा यांच्या पेढीत भागीदार म्हणून ते विलायतेस गेले. इंग्लंडात स्थापन झालेली ही पहिली हिंदी पेढी. पेढीचा व्यवहार अफू आणि दारू यांतही होता. त्या नफ्याचा वाटा आपल्या मनाला पचणारा नाही, असे सांगून त्यांनी १८५८ मध्ये भागीदारी सोडली आणि दुसऱ्या वर्षी स्वतःची पेढी काढली. तीही पुढे अडचणीत आली. व्यापारी म्हणून दादाभाई फार यशस्वी झाले असे म्हणता येणार नाही. पण हिशेब तपासण्याची जी सवय व्यापाराने लावली, तिचा उपयोग त्यांनी साऱ्या देशाच्या जमाखर्चासाठी केला. १८६६ मध्ये त्यांनी लंडनात ईस्ट इंडिया असोसिएशन स्थापन केली. सरकारनेच छापलेल्या अहवालांतले आकडे घेऊन त्यांनी असे दाखवून दिले की, हिंदुस्थानातील माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न अवघे वीस रुपये भरते; तुरुंगातल्या कैद्याच्या पोटापाण्यावर सरकार जितका खर्च करते, तितकेही कित्येक प्रांतांत स्वतंत्र रयतेच्या वाट्यास येत नाही. संपत्तीचा हा ओघ विलायतेकडे वाहतो, तो थांबविण्याचा अधिकार ज्यांचे धन वाहून जाते त्यांच्या हाती नाही, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. कर देणारा एक आणि कर ठरविणारा दुसरा, या अवस्थेवर औषध एकच होते, ते म्हणजे प्रतिनिधी निवडण्याचा हक्क.

मध्यंतरी १८७४ मध्ये ते बडोद्यास मल्हारराव गायकवाडांचे दिवाण झाले. रेसिडेंट कर्नल फेर यांचा विरोध आणि दरबारातील अंदाधुंदी यांमुळे वर्षभरातच त्यांना राजीनामा द्यावा लागला. नंतर ते मुंबईच्या म्युनिसिपल कॉर्पोरेशनवर होते. मुंबई शहराला १८७२ च्या कायद्याने जो हक्क मिळाला होता तो मोठा लक्षणीय आहे. कॉर्पोरेशनचे निम्मे सभासद करदात्यांनी निवडावे असे ठरले होते. अर्थात मत फक्त मोठा कर भरणाऱ्यालाच होते. चाळीतल्या भाडेकरूला, गिरणीतल्या कामगाराला, कोणत्याही अंगमेहनतीवाल्याला त्यात स्थान नव्हते. १८८५ मध्ये लॉर्ड रे यांनी दादाभाईंना मुंबईच्या कायदेमंडळावर घेतले. तेथे मात्र निवडणूक नावालाही नव्हती. गव्हर्नर नेमील तो सभासद. सहा दशके या शहराची सेवा करणाऱ्या दादाभाईंना आपल्या प्रांताच्या कायदेमंडळासाठी मत देण्याचा अधिकार हयातीतल्या बहुतेक वर्षांत नव्हता.

तो अधिकार त्यांना होता लंडनात! ब्रिटिश राज्याचा प्रजाजन विलायतेत घर करून राहिला आणि कायद्याच्या अटी पुऱ्या करीत असला, तर त्याचा रंग वा धर्म न पाहता तो मतदार होऊ शकत असे आणि पार्लमेंटसाठी उभाही राहू शकत असे. घरच्या अंगणात ज्याला तोंड उघडण्याची मुभा नाही, त्याने धन्याच्या दिवाणखान्यात जाऊन बोलावे, असा हा प्रकार होता. दादाभाईंनी हेच करण्याचे ठरविले. त्यांच्या आधी बंगालचे लालमोहन घोष यांनी १८८५ व १८८६ मध्ये डेप्टफर्ड येथून प्रयत्न केला होता. त्यांना यश आले नव्हते.

येथे थोडे थांबून इंग्लंडातील मताच्या हक्काची त्या वेळची स्थिती पाहणे अवश्य आहे. कारण तेथे तो हक्क पूर्वापार सर्वांना होता, असा आपल्याकडे एक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. १८३२ पूर्वी तेथे मूठभर जमीनदार व श्रीमंत यांनाच मत होते. काही उजाड गावांतून पाच-पन्नास मतदार एक सभासद निवडीत आणि मँचेस्टरसारख्या भरभराटलेल्या शहराला एकही सभासद नसे. १८३२ च्या कायद्याने मध्यमवर्गाला मत मिळाले, १८६७ च्या कायद्याने शहरातील बऱ्याच कामगारांना, १८८४ च्या कायद्याने खेड्यातील मजुरांना. या प्रत्येक पायरीमागे सभा, मोर्चे, तुरुंगवास आहेत. चार्टिस्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कामगारांनी १८३८ मध्ये जी मागणी मांडली, तीत प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत आणि ते मत गुप्त असावे, अशी दोन कलमे होती. गुप्त मताचे महत्त्व आज आपणांस जाणवत नाही. १८७२ पर्यंत इंग्लंडात मतदाराला सर्वांसमक्ष उभे राहून उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगावे लागे. खाली जमीनदाराचा कारभारी, कारखान्याचा मालक, घरमालक उभे असत. अशा वेळी कुळाने कोणाचे नाव घ्यावे, हे सांगण्याची गरज नाही.

आपल्या भाषेत या कृतीला मतदान हा शब्द रूढ झाला आहे. त्यात दान आहे आणि आपल्या परंपरेत दान सत्पात्री असावे व शक्य तो गुप्त असावे, असे मानतात. शब्द योजणाऱ्याच्या मनात हा अर्थ होता की नाही कोण जाणे. पण १८७२ च्या त्या कायद्याचे मर्म आपल्या गुप्तदान या एका शब्दात चांगले उतरते. दुसरी गोष्ट अशी की, मत म्हणजे विचार आणि मत म्हणजे पेटीत पडणारे, या दोहोंना मराठीत एकच शब्द आहे. विचार न करता दिलेल्या मताला मग काय म्हणावे, हा प्रश्न आपली भाषाच आपल्याला विचारते.

इतके होऊनही १८९२ साली इंग्लंडात दर दहा प्रौढ पुरुषांपैकी साधारण सहांनाच मत होते. घर बदलले की नाव यादीतून जाई, कारण एका जागी बारा महिने राहिल्याचा पुरावा लागे. पोटासाठी खोल्या बदलणारा गरीब कामगार त्यामुळे नेहमीच बाहेर राही. श्रीमंताला मात्र एकाहून अधिक ठिकाणी मालमत्ता असल्यास एकाहून अधिक ठिकाणी मत देता येई. आणि स्त्रिया? पार्लमेंटसाठी एकाही स्त्रीला मत नव्हते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या जगद्विख्यात विदुषीने दादाभाईंच्या उमेदवारीला मनापासून पाठिंबा दिला. परंतु त्यांच्यासाठी एक मत टाकण्याचा अधिकार तिला नव्हता. १९१० मध्ये ती वारली तेव्हाही नव्हता.

१८८६ च्या निवडणुकीत दादाभाई लिबरल पक्षातर्फे होल्बर्न मतदारसंघातून उभे राहिले. विलायतेत येऊन त्यांना पुरते तीन महिनेही झाले नव्हते आणि मतदारसंघ विरुद्ध पक्षाचा बालेकिल्ला. त्यांना १,९५० मते पडली आणि प्रतिस्पर्ध्याला ३,६५१. त्यांनी हा पराभव मनाला लावून घेतला नाही. वर्षअखेर कलकत्त्यास भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवून ते पुन्हा लंडनला गेले आणि नव्या मतदारसंघाच्या शोधास लागले.

तो मिळाला सेंट्रल फिन्सबरी. लंडनच्या क्लार्कनवेल भागातली ही वस्ती घड्याळजी, सोनार, छापखान्यातले कामगार व छोटे दुकानदार यांची होती. चार्टिस्टांच्या सभा येथल्याच मैदानात गाजल्या होत्या. अशा लोकांना दादाभाईंचे म्हणणे समजावून सांगण्यास फारसे कष्ट पडले नाहीत. कष्ट पडले ते पक्षातल्या लोकांना समजावताना. उमेदवारीवरून स्थानिक लिबरल मंडळात तट पडले आणि ती फूट थेट निवडणुकीच्या तोंडापर्यंत मिटली नाही. काळा उमेदवार दिल्यास जागा हातची जाईल, अशी कुजबुज पक्षातच चाले. पार्लमेंटच्या सभासदांना त्या वेळी वेतन नसे; ते १९११ मध्ये सुरू झाले. खर्च सारा उमेदवाराने सोसावयाचा. साठी उलटलेला हा वृद्ध चार-पाच वर्षे दारोदार हिंडत राहिला, जसा तो मुंबईत मुलींच्या शाळेसाठी हिंडला होता.

अशात एक घटना अशी घडली की, जिने दादाभाईंचे नाव इंग्लंडच्या कानाकोपऱ्यात पोचविले. नोव्हेंबर १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी एडिनबरो येथील भाषणात होल्बर्नच्या निकालाचा उल्लेख केला आणि काळ्या माणसाला निवडून देण्याइतकी मजल इंग्लिश मतदारांनी अद्याप मारलेली नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. पंतप्रधानांच्या तोंडी ही भाषा! ग्लॅडस्टनसह लिबरल पुढाऱ्यांनी त्यांचा निषेध केला, वर्तमानपत्रांत गदारोळ उडाला, नॅशनल लिबरल क्लबने दादाभाईंच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. वस्तुतः दादाभाई चांगले गोरे होते आणि दोघांत सॅलिसबरीच अधिक काळे आहेत, असा विनोद लंडनभर फिरला. विनोद ठीकच, परंतु प्रस्तुत लेखकास तो फारसा रुचत नाही. माणूस गोरा ठरला म्हणून तो निवडून देण्याजोगा ठरत असेल, तर सॅलिसबरींचे म्हणणे खरेच झाले! दादाभाईंनी स्वतः या वादात वर्णाची बाजू न घेता हक्काची बाजू घेतली. एकाच राज्याची प्रजा असलेल्यांत जन्मावरून भेद करता येतो की नाही, एवढाच त्यांचा सवाल होता. हा सवाल ज्ञातीत जन्मलेल्या आपणा सर्वांना नवा नाही.

जुलै १८९२ मध्ये निवडणूक झाली. दादाभाईंविरुद्ध कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे कॅप्टन पेंटन हे स्थानिक मालमत्ताधारक उभे होते. मोजणी झाली तेव्हा पेंटन यांना २,९५६ मते पडली होती आणि दादाभाईंना २,९६१. पाच मते! मोजणी-फेरमोजणीच्या घोळात हा फरक कोठे तीन तर कोठे पाच असा छापला गेला आणि आजही दोन्ही आकडे वाचनात येतात. पेंटन यांनी निकालाविरुद्ध अर्ज केला, पण तो तडीस गेला नाही. नौरोजी हे नाव इंग्रजांच्या जिभेवर नीट बसत नसे. त्यांनी आता त्याचा अल्पबहुमत या अर्थाचा इंग्रजी अपभ्रंश करून टाकला आणि हे टोपणनाव दादाभाईंना कायमचे चिकटले.

ते पाच जण कोण होते? हे कधीच कोणाला कळले नाही आणि कळणारही नाही. १८७२ च्या कायद्याने त्यांना ते संरक्षण दिले होते. काम आटोपून घरी जाता जाता मतदानाच्या ठिकाणी वळलेला एखादा घड्याळजी असेल. आपल्या एका मताने काय होणार आहे, असे मनात येऊनही गेलेला एखादा दुकानदार असेल. त्यांपैकी तिघांनी जरी मन बदलून पलीकडच्या नावापुढे खूण केली असती, तर हिंदुस्थानचा पहिला प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात बसण्याचा मान दादाभाईंना मिळाला नसता. आपल्या ज्ञातीच्या वार्षिक सभेस गणसंख्या पुरी होत नाही म्हणून अर्धा तास थांबून तीच सभा पुन्हा भरवावी लागते, हा अनुभव कार्यकारी मंडळास नवा नाही. त्या अर्ध्या तासात प्रस्तुत लेखकास अनेकदा फिन्सबरीचे हे पाच अनामिक आठवतात.

दादाभाईंनी सभागृहात शपथ घेतली ती आपल्या खोर्देह अवेस्ता या धर्मग्रंथावर हात ठेवून. ९ ऑगस्ट १८९२ रोजी त्यांनी पहिले भाषण केले. त्यात त्यांनी फिन्सबरीच्या मतदारांचे आभार मानले आणि इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर आपला भरवसा असल्याचे सांगितले. फिन्सबरीच्या कामगारांच्या प्रश्नांकडे त्यांनी दुर्लक्ष केले नाही. आयर्लंडच्या स्वराज्याला त्यांचा पाठिंबा होता, स्त्रियांना मत असावे हेही त्यांचे म्हणणे होते. सर विल्यम वेडरबर्न यांच्यासह त्यांनी १८९३ मध्ये हिंदुस्थानविषयक सभासदांची एक समिती स्थापन केली. सनदी नोकरीची परीक्षा विलायतेबरोबर हिंदुस्थानातही घ्यावी, असा ठराव २ जून १८९३ रोजी सभागृहात ७६ विरुद्ध ८४ मतांनी संमत झाला. येथेही आठच मतांचे अंतर! सरकारने मात्र तो ठराव बासनात बांधून ठेवला आणि अशी परीक्षा हिंदुस्थानात होण्यास १९२२ साल उजाडावे लागले. ठराव जिंकणे आणि तो अंमलात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा दादाभाईंना तेथे मिळाला.

त्याच १८९३ साली त्यांच्यावर मोठा घाला पडला. कच्छ संस्थानात डॉक्टर असलेला त्यांचा मुलगा अर्देशर ऐन चौतिशीत वारला. मागे सून आणि लहान लहान नातवंडे. हे दुःख उराशी घेऊनच ते डिसेंबरात लाहोरच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष म्हणून मायदेशी आले. मुंबईत त्यांच्या स्वागतास जो जनसमुदाय लोटला, त्यात हिंदू होते, मुसलमान होते, पारशी होते. आणि त्यांतील एकालाही त्यांच्यासाठी मत टाकता आले नव्हते. देशाचा प्रतिनिधी असा, पण देशाने न निवडलेला, ही त्यांच्या थोरवीतली वेदना होती आणि ती तेही ओळखून होते.

१८९५ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाची धूळधाण उडाली, तीत दादाभाईही पडले. योगायोग असा की, त्याच निवडणुकीत दुसरे एक पारशी गृहस्थ, सर मंचरजी भावनगरी, विरुद्ध पक्षातर्फे निवडून आले आणि हिंदुस्थानात अंमल ठीक चालला आहे असे सांगत राहिले. ज्ञात एक, मते दोन! दादाभाईंनी त्यावर कटू शब्द वापरले नाहीत. ते वेल्बी कमिशनचे सभासद झाले. अशा रॉयल कमिशनवर बसणारे ते पहिले हिंदी. १८९७ मध्ये या कमिशनपुढे साक्ष देण्यास गोपाळ कृष्ण गोखले, दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी प्रभृती आले. १९०१ मध्ये दादाभाईंचा हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९०६ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षानंतर, त्यांनी लंडनच्या नॉर्थ लँबेथमधून पुन्हा एकदा निवडणूक लढविली. हरले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्यास तिसऱ्यांदा राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष होऊन त्यांनी त्या व्यासपीठावरून स्वराज्य हा शब्द देशाचे ध्येय म्हणून उच्चारला. जहाल आणि मवाळ यांच्यात उभी फूट पडण्याची चिन्हे होती. दोन्ही पक्षांना मान्य होईल असा एवढाच एक माणूस उरला होता. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर पन्नास वर्षे विसंबलेला हा वृद्ध अखेर आपले राज्य आपणच केले पाहिजे या निष्कर्षास आला, यातच सारे आले. त्यांच्या मवाळपणाची थट्टा करणाऱ्यांनी हा प्रवास किती लांबचा होता, हे ध्यानात घेतलेले दिसत नाही.

इकडे हिंदुस्थानात मताचा हक्क कसा मुंगीच्या पावलांनी आला पाहा. दादाभाई पार्लमेंटात गेले त्याच १८९२ साली नवा कौन्सिल कायदा झाला. नगरपालिका, लोकल बोर्डे, विद्यापीठे यांनी नावे सुचवावीत आणि सरकारने नेमणूक करावी, अशी आडवळणाची पद्धत त्यात होती. निवडणूक हा शब्दच कायद्यात नव्हता. तरीही या फटीतून फिरोजशहा मेहता, लोकमान्य टिळक, गोखले कायदेमंडळात शिरले. १९०९ च्या सुधारणांनी निवडणुकीचे तत्त्व मानले, पण त्याबरोबर स्वतंत्र मतदारसंघांची भिंतही उभी केली. दादाभाई १९०७ मध्ये मायदेशी परतून वर्सोवा येथे समुद्रकाठी राहात होते. १९१६ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. ३० जून १९१७ रोजी त्यांनी देह ठेवला. दोन महिन्यांच्या आतच, २० ऑगस्ट १९१७ रोजी, हिंदुस्थानास टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा भारतमंत्री माँटेग्यू यांनी पार्लमेंटात केली. ती ऐकण्यास दादाभाई नव्हते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९१९ च्या कायद्याने मत मिळाले ते सारा व कर भरणाऱ्या थोड्यांना. मुंबई इलाख्याने १९२१ मध्ये स्त्रियांनाही त्याच अटींवर मत दिले. ज्या इंग्लंडने हा कायदा केला, तेथे १९१८ मध्ये तीस वर्षांवरील काही स्त्रियांना मत मिळाले आणि पुरुषांच्या बरोबरीने मिळण्यास १९२८ उजाडले. १९३५ च्या कायद्यानेही आपल्याकडे लोकसंख्येच्या दशांशाच्या आसपासच मतदार झाले. शेवटी २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने एकवीस वर्षांच्या प्रत्येक नागरिकाला, मग तो निरक्षर असो, भूमिहीन असो, स्त्री असो की पुरुष, एक मत दिले. ही वयोमर्यादा पुढे १९८९ मध्ये अठरावर आली. १९५१–५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या यादीत सुमारे १७ कोटी ३२ लक्ष नावे होती.

या यादीविषयी एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. यादी करणारे कर्मचारी घरोघर गेले तेव्हा, विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत, असंख्य स्त्रियांनी आपले नाव सांगण्यास नकार दिला. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच लिहा म्हणून त्या सांगत. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावे स्वीकारण्याचे नाकारले. मतदार हा स्वतःच्या नावाने मतदार असतो, असा त्यांचा आग्रह होता. परिणामी सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे यादीतून गळाली. कठोर निर्णय खरा, पण पुढल्या निवडणुकांत त्याच घरांतील बायकांनी आपली नावे लिहविली. आपल्या ज्ञातीच्या जुन्या वर्गणी-वह्या ज्यांनी चाळल्या असतील, त्यांना तेथेही सौभाग्यवती अमुक इतकेच लिहिलेल्या नोंदी आढळल्या असतील.

अर्देशर यांच्या पोरक्या झालेल्या मुलींनी आजोबांचा वारसा चालविला. पेरिनबेन कॅप्टन, गोशीबेन कॅप्टन आणि खुर्शीदबेन नौरोजी या तिन्ही बहिणी गांधीजींच्या चळवळीत पडल्या. माणेकबाईंनी मुलाला शिकविले, त्या मुलाने मुंबईच्या मुलींना शिकविले आणि त्याच्या नाती देशकार्यास निघाल्या, अशी ही परंपरा.

लंडनला क्लार्कनवेल भागात एका रस्त्याला नौरोजींचे नाव आहे आणि फिन्सबरीच्या जुन्या टाउन हॉलवर त्यांच्या निवडणुकीची पाटी आहे. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांनी मुलाबाळांना ती दाखवावी. मुंबईत पूर्वीच्या हॉर्नबी रोडला दादाभाईंचे नाव दिलेले आहे. तो रस्ता दक्षिणेकडे जेथे हुतात्मा चौकाला मिळतो, तेथे त्यांचा बसलेला पुतळा आहे.